गौरव आणि भार

वाचकहो, आपणांपैकी कोणी पुण्यात लोहगावाजवळ राहत असेल, किंवा नोकरीनिमित्त जोधपूर, आदमपूर, तेजपूर अशा ठिकाणी राहिले असेल, तर लढाऊ विमानाचा आवाज आपणांस नवा नाही. फडताळातली भांडी थरथरतात, पाळण्यातले मूल दचकून रडू लागते, आणि आपण वर पाहतो तोवर आकाश रिकामे झालेले असते. काचेच्या त्या लहानशा घुमटाखाली बसलेल्या मनुष्यास काय वाटत असेल, हा प्रश्न मला पुष्कळ दिवस पडला होता. त्याला लागूनच दुसरा, अधिक अवघड प्रश्न येतो : त्याला जो आनंद होतो तो निर्दोष म्हणावा काय?

आमच्या मंडळीत अठ्ठ्याहत्तरी गाठलेले एक निवृत्त वैमानिक आहेत. उमेदीची वर्षे त्यांनी मिग-२१ वर घालवली. हे विमान १९६३ साली आपल्या वायुदलात आले, पुढे नाशिकजवळ ओझरला तयार होऊ लागले, आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगड येथे त्याला निरोप देण्यात आला. त्या संध्याकाळी मी मुद्दाम त्यांच्या घरी गेलो.

“साहेब, एवढ्या वेगाने जीव दडपत नाही का?” मी विचारले.

“भाऊ, वेग कळतच नाही,” ते म्हणाले. “कळते ते वजन.”

बारा किलोमीटर उंचीवरून ताशी दोन हजार किलोमीटर वेगाने जात असता खालची जमीन बैलगाडीतून पाहावी तशी संथ सरकते. जमिनीलगत उडू लागावे, तेव्हाच वेग दिसतो. परंतु वेगात असलेले विमान एकाएकी वळवले की शरीर जड होऊ लागते. आधुनिक विमानांत हा भार ९ पटींपर्यंत जातो. म्हणजे ५ किलोंचे डोके मानेला ४५ किलोंचे होते. हात उचलवत नाही, गाल खाली ओढले जातात. हृदयाला रक्त मस्तकापर्यंत चढवता येत नाही. प्रथम रंग जातात, मग कडांकडून अंधार आत सरकतो, आणि वैमानिक सावरला नाही तर त्याची शुद्ध हरपते. म्हणून तो पायांवर व पोटावर हवेने फुगणारा पोशाख घालतो, मांड्या व पोट आवळून धरतो, आणि दर तीनेक सेकंदांनी झटकन श्वास बदलतो. डोळ्यांपुढची दृष्टी तो अक्षरशः स्नायूंनी धरून ठेवतो. (ढगात आपल्या जाणिवेवर नव्हे, तर यंत्रावर विश्वास ठेवावा लागतो, हेही त्यांनी सांगितले; पण त्या दृष्टांतावर इतके उपदेश झाले आहेत की मी तो येथे वापरत नाही.)

हे ऐकताना माझे मन माझ्या धंद्याकडे गेले. इब्री भाषेत गौरवाला ‘काबोद’ म्हणतात, आणि त्या शब्दाचे मूळ ‘जड असणे’ यात आहे. करिंथकरांस लिहिताना पौलानेही गौरव आणि भार यांना एकत्र बांधले आहे. पुष्कळ भाषांत अनुवादकाला हे जड गौरव आणताना घाम फुटतो. आपणांस मात्र ते आयते मिळाले आहे, कारण ‘गौरव’ हा शब्दच ‘गुरु’ म्हणजे जड यापासून आला; गुरुत्वाकर्षण त्याचेच भावंड. मी हे साहेबांना सांगितले तेव्हा ते खूश झाले. वळण संपून भार उतरतो, विमान उलटे होते आणि पृथ्वी डोक्यावर येते, त्या क्षणी वाटणाऱ्या आनंदाला दुसरा शब्द आपल्याला कधी सुचला नव्हता, असे ते म्हणाले.

मग मी विचारू नये ते विचारले. १९७१ च्या युद्धात त्यांनी बॉम्ब टाकले होते. “त्या दिवशीही हाच आनंद झाला?”

बराच वेळ ते बोलले नाहीत. “झाला. तीच तर अडचण आहे. बॉम्ब सुटला की विमान हलके होते, आणि हलके झालेले विमान हाताला फार छान लागते.”

कोणी म्हणेल, युद्धात जाणाऱ्याने रडत जावे. मला ते पटत नाही. हात कापणाऱ्याचा बॉम्ब शेजारच्या घरावर पडतो. दुसरा कोणी म्हणेल, कर्तव्य केले, कौशल्य देवाने दिले, आनंदाची चौकशी कशाला? तेही मला पटत नाही. आपल्या देहाचा भार देह बिनचूक मोजतो. आपल्या कृत्याचा भार मोजणारा अवयव त्यात नाही. ध्वनीचा वेग ओलांडताना वैमानिकाला स्वतःचा तो गडगडाट ऐकू येत नाही. आत फक्त एक काटा क्षणभर हलतो. गडगडाट खाली पडतो, जेथे तो पाळणा आहे. आनंद हा दोष नव्हे, असे मी मानतो. आपला गडगडाट ऐकायला पुढे कधीही खाली न येणे, हा दोष आहे.

लेनर्ड चेशायर यांचे उदाहरण आठवते. जेट विमानांच्या आधीचा हा ब्रिटिश वैमानिक. शंभर मोहिमा करून १९४४ साली व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेल्या या मनुष्याने ९ ऑगस्ट १९४५ रोजी नागासाकीवरचा ढग निरीक्षक म्हणून दुसऱ्या विमानातून पाहिला. १९४८ साली एका मरणोन्मुख माणसाला त्यांनी आपल्या घरी आणले व त्याची सेवाशुश्रूषा स्वतः केली. त्यातून जगभर चेशायर होम्स निघाली, आपल्या मुंबईतही निघाली. ते पश्चात्ताप पावून शांततावादी झाले, अशी कथा सांगितली जाते. ती खरी नाही. त्या बॉम्बने युद्ध संपले, हे मत त्यांनी सोडले नाही. तरीही ते खाली उतरले, आणि एका माणसाचे अंथरूण बदलले. मला ही गोष्ट त्या सोप्या कथेपेक्षा मोठी वाटते.

वैमानिकाविषयी हे लिहिणे मला सोपे जाते. म्हणून एक कबुली देतो. काही वर्षांपूर्वी एका मसुद्यात, चर्मरोगाच्या संदर्भात, मी एक जुना रोखठोक शब्द ठेवला. वाक्य लयीत बसले, आणि त्या दिवशी मला फार आनंद झाला. पुढे तो मसुदा एका कुष्ठरोग रुग्णालयाच्या प्रार्थनागृहात वाचला गेला. मागच्या बाकावरच्या एक बाई उठून बाहेर गेल्या. मी तेथे हजर होतो, हा केवळ योगायोग. नसतो तर मला ते कधीच कळले नसते.

निघताना मी हे साहेबांना सांगितले. ते म्हणाले, “भाऊ, तुम्हाला ती बाई दिसली तरी. मी ज्या गावावरून परतलो त्याचे नाव मला नकाशावर ठाऊक आहे. तेथे कोणाला विचारू?” मग दिवा लावून ते मला फाटकापर्यंत सोडायला आले.