साल्हेरची बेरीज

सुरतेत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी माणसास हिवाळ्यात चार दिवसांची सुटी मिळाली, की बारडोली, व्यारा मागे टाकून डांगच्या सागवानी रानांतून बागलाण प्रांतात शिरण्याचा मोह आवरत नाही. आणि साल्हेरच्या माथ्यावर, परशुरामाच्या लहानशा देवळापाशी, पंधराशे मीटरांहून अधिक उंचीवर उभे राहून समोरचा सालोटा व त्यापलीकडे निळसर होत गेलेल्या डोंगररांगा न्याहाळताना, या मुलखापायी एवढे रक्त का सांडले, याचा विसर पडतो. २०२५ साली युनेस्कोने जागतिक वारशात घेतलेल्या बारा किल्ल्यांत साल्हेरही आहे. तेव्हा गर्दी वाढेल, घोषणाही वाढतील.

१६७२ च्या फेब्रुवारीत मोगलांचा वेढा उठविण्यास शिवाजी महाराजांचे मोरोपंत पिंगळे व प्रतापराव गुजर धावून आले आणि उघड्या मैदानात तुंबळ लढाई झाली. सूर्यराव काकडे तेथेच पडले. ही हकीकत ऐकून माझ्या गुजराती शेजाऱ्यांनी, ज्यांचे सारे आयुष्य पेढीच्या जमाखर्चात गेले, सरळ विचारले, "तुमचे किती पडले नि त्यांचे किती?" मला उत्तर देता येईना, कारण कृष्णाजी अनंत सभासदाने दुतर्फा मिळून दहा हजार माणूस मेल्याचा एकच आकडा लिहून ठेवला आहे. आकडा ढोबळ असेल, बखरीचे असतातच. परंतु धन्याचा विजय वर्णन करणारा सेवक मृतांची खाती वेगळी मांडत नाही, ही गोष्ट मला त्या विजयाइतकीच मोठी वाटते.

हाच न्याय आम्ही सुरतेला लावतो काय? जानेवारी १६६४ च्या लुटीची कथा सांगताना, डच कंपनीचा दिवंगत दलाल मोहनदास पारेख दानशूर होता म्हणून त्याचे घर महाराजांनी राखले, पाद्री आंब्रोज यासही अभय दिले, हे आम्ही आवर्जून सांगतो, आणि ते खरेच आहे. मोगली अंमलदार इनायतखान रयतेस वाऱ्यावर सोडून किल्ल्यात दडला व वकिलाच्या मिषाने त्याने मारेकरी पाठविला, हेही खरे. परंतु त्या दिवसांत ज्यांचे हात तुटले, ज्यांची घरे जळाली, ती माणसे आमच्या बेरजेत कोठे येतात?

गड उतरताना शेजाऱ्यांनी तेच विचारले. इंग्रज वखारवाल्यांच्या कागदांत थोडेबहुत सापडते, असे मी म्हणालो.

"म्हणजे तुमच्या दप्तरी नाही," ते म्हणाले.