अंश आणि छेद

माझं काम हिशोब लिहिण्याचं. उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये, जपानी बाजाराच्या अंगाला एका कापडाच्या गद्दीवर मी बसतो. पूर्वी लाल वह्या होत्या, आता टॅली आहे, जमा-नावे तेच. कर्मविपाकावर बोलायचा याला काय अधिकार, असं कुणी म्हणेल. पण आपल्याकडे कर्माचा सिद्धांत लोक हिशोबाच्याच भाषेत सांगतात. केलंय ते फेडायचं, मागचं देणं चुकवायचं. मग एखाद्या हिशोबनिसाने तो तपासून पाहिला तर रागावू नये.

माझ्या मेव्हण्याच्या डाव्या गालात आतून पांढरा चट्टा होता, त्याची पुढे गाठ झाली. शिलाईच्या कारखान्यात तो रात्रपाळी करायचा आणि तंबाखू-चुन्याची गोळी त्याच गालात धरून ठेवायचा. दुखणं कळलं तेव्हा तोंड दोन बोटं शिरतील एवढंच उघडत होतं. भेटायला माणसं येत, बिस्किटांचा पुडा ठेवत, आणि उठताना काहीतरी बोलून जात. बहुतेकांचं बोलणं निरुपद्रवी. पण नात्यातल्या एका वयस्कर बाई त्याच्या उशाशी बसून म्हणाल्या, "मागच्या जन्मी कुणाच्या तरी तोंडचा घास काढला असशील रे बाबा." त्याने ऐकून घेतलं. उत्तर द्यायला तोंड उघडायला हवं ना.

बाईंनी हे मनाने रचलं नव्हतं. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात अशी यादीच आहे: सोनं चोरणाऱ्याची नखं किडकी, दारू पिणाऱ्याचे दात काळे, ब्रह्महत्या करणाऱ्याला क्षय. पुढच्या कर्मविपाकाच्या ग्रंथांनी ती यादी वाढवत नेली. मी परांडा तालुक्यातला, वारकरी घरातला. असलं बोलणं लहानपणापासून कानावर आहे. तेव्हा त्याचा राग येत नसे. त्या दिवशी मात्र आला, आणि तो धर्मापेक्षा हिशोबाचा जास्त होता.

मागे एकदा आमचे शेठ म्हणाले, अमक्या गावाला उधारीवर माल द्यायचा नाही, गेल्या साली पैसे बुडवणारे तिघं तिथलेच. मी विचारलं, शेठ, त्या गावचे एकूण गिऱ्हाईक किती? वही काढली तर साठ निघाले. दुसऱ्या एका गावच्या दोघांनीच बुडवले होते, पण तिथले गिऱ्हाईकच चार. नुसते बुडवणारे मोजून गाव वाईट ठरत नाही. शाळेतल्या अपूर्णांकात वर अंश असतो, खाली छेद. छेदाशिवाय अंशाला काही अर्थ नाही. उशाशी बसून मागचा जन्म काढणारा माणूस फक्त अंश बघतो. समोर पडलेला एक आजारी दिसतो, आणि त्याच्यासाठी एक पाप शोधलं जातं. ज्यांनी खरोखर दुसऱ्याच्या तोंडचा घास काढला आणि जे नव्वदाव्या वर्षी कणीस फोडून खातात, त्यांची नोंद कुणी करत नाही.

हा छेद मांडण्याचं काम ज्यांनी केलं त्यांची मला ओढ लागली, ती इथून. भारतातली लोकसंख्येवर आधारलेली पहिली कॅन्सर रजिस्ट्री मुंबईत १९६३ साली सुरू झाली, इंडियन कॅन्सर सोसायटीत, डॉ. दाराब जस्सावाला यांच्या पुढाकाराने. कुठल्या डॉक्टरने रुग्ण कळवावा असं बंधन नव्हतं, म्हणून रजिस्ट्रीची माणसंच दवाखान्या-दवाखान्यात जाऊन केसपेपर उतरवून आणत आणि महापालिकेचे मृत्यूचे दाखले पडताळून बघत. एक माणूस दोन इस्पितळांत गेला असेल तर तो एकदाच धरायचा. खाली छेदात जनगणनेतले बृहन्मुंबईचे रहिवासी.

त्यांच्या तक्त्यात धर्माचाही रकाना होता, आणि त्यातून जे निघालं ते कर्मविपाकाच्या कुठल्याच ग्रंथात बसत नाही. पारशी पुरुषांत तोंडाचे, घशाचे कॅन्सर बाकीच्या मुंबईकरांपेक्षा बरेच कमी, कारण अग्नी पवित्र मानणारा माणूस तो तोंडात धरून धूर काढत नाही. पारशी बायकांत मात्र स्तनाचा कॅन्सर जास्त. उशिरा लग्न आणि मोजकी मुलं ही त्यामागची मोठी कारणं. म्हणजे एकाच समाजाला एका ठिकाणी पुण्य आणि दुसऱ्या ठिकाणी पाप लागलं म्हणायचं का? आणि लग्न उशिरा करणं हे पाप कधीपासून झालं?

दुसरी नोंद तर माझ्याच मुलखातली. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कॅन्सर हॉस्पिटलने टाटा मेमोरियलच्या मदतीने १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर रजिस्ट्री सुरू केली. बार्शी, परांडा आणि भूम हे तीन तालुके. खेड्यात केसपेपर कुठले? म्हणून ही माणसं गावोगाव फिरली. पाटील, सरपंच, शाळामास्तर यांना गाठायचं, देवळापुढे लोक जमवायचे, आणि अंगावरून अवेळी जातंय का, गाठ आहे का, जखम भरत नाही का, हे उघड विचारायचं. बायकांत सगळ्यात जास्त निघाला गर्भाशयमुखाचा कॅन्सर. माझी मामी त्यानेच गेली. तिच्याबद्दल गावात काय बोललं गेलं ते इथे लिहीत नाही. बाईच्या त्या जागेच्या दुखण्याला लोक कोणतं कर्म चिकटवतात हे वाचकाला सांगायला नको. रजिस्ट्रीच्या कागदावर तिचं वय, गाव, अवयव आणि तारीख एवढंच असणार. मला त्या कोरडेपणात फार मोठी सभ्यता दिसते. शिवाय मोजायला आलेल्यांच्या बोलण्याने एक गोष्ट घडली: बायका दुखणं अंगावर काढायच्या त्या लवकर येऊ लागल्या.

आमच्या शेजारच्या खोलीतले बौद्ध गृहस्थ रेल्वेतून निवृत्त झालेत. त्यांच्याशी मी हे बोललो, तर त्यांनी एका सुत्ताकडे बोट दाखवलं. संयुत्त निकायात सीवक नावाचा परिव्राजक बुद्धाला विचारतो, माणसाला जे सुखदुःख होतं ते सगळं पूर्वकर्मानेच, असं काही जण म्हणतात, तुमचं म्हणणं काय? बुद्ध आठ कारणं सांगतात. पित्त, कफ, वात, तिन्ही एकत्र, ऋतुबदल, विषम वागणं, बाहेरचा आघात, आणि आठवं कर्म. सगळं कर्माचंच म्हणणारे स्वतःला आणि जगाला जे ठाऊक आहे त्याच्या पलीकडे धावतात, असा निवाडा देतात. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात हा मुद्दा आणखी धारदार केला: गतजन्मीच्या कर्माचा सिद्धांत गरिबांच्या हालाची जबाबदारी राज्याच्या आणि समाजाच्या खांद्यावरून उतरवायलाच उपयोगी पडतो.

मी म्हटलं, आमच्याकडेही आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात तिसरा अध्याय आहे, जनपदोध्वंसाचा. गंगेच्या काठी, काम्पिल्य नगरीजवळ अग्निवेश गुरूंना विचारतो: माणसांची प्रकृती वेगळी, आहार वेगळा, बळ आणि वय वेगळं, मग एकच रोग एकाच वेळी गावंच्या गावं कसा काय उठवतो? पुनर्वसू आत्रेय सांगतात, माणसं वेगळी असली तरी वायू, पाणी, देश आणि काळ सगळ्यांचे सामायिक असतात. ते बिघडले की असं होतं. आणि ते का बिघडतात, तर अधर्माने. तो अधर्म आधी राज्यकर्त्यांकडून सुरू होतो. पुढे आयुष्य ठरलेलं असतं का हाही प्रश्न येतो, आणि उत्तर मोठं रोखठोक आहे: सगळं ठरलेलंच असतं, तर पिसाळलेला हत्ती अंगावर आला तरी बाजूला व्हायची गरज पडली नसती. अग्निवेशाचा प्रश्न आजच्या कुठल्याही साथरोगतज्ज्ञाचा आहे. फक्त त्याच्याकडे रजिस्टर नव्हतं.

आता कुणी म्हणेल, मागचा जन्म सोडा, तंबाखू तर मेव्हण्याने याच जन्मी खाल्ली ना? खाल्ली. १९९१ ते १९९७ या काळात डॉ. प्रकाश गुप्ता यांच्या चमूने मुंबईत मतदारयाद्या घेऊन पस्तिशीपुढच्या १,४८,१७३ जणांची घरोघर नोंद केली आणि पुढची काही वर्षं कोण जगलं, कोण गेलं ते पाहिलं. उच्चभ्रू इमारतींत पहारेकऱ्यांमुळे शिरता येईना म्हणून त्या वगळल्या. गरिबाच्या दाराला पहारेकरी नसतो, याचा फायदा विज्ञानाला असाही होतो. बिडी ओढणाऱ्यांतला मृत्युदर न ओढणाऱ्यांच्या १.६४ पट निघाला, सिगारेट ओढणाऱ्यांतला १.३७ पट. बिडी म्हणजे हलकं व्यसन, हा समज तिथे निकालात निघाला. तेव्हा माणसाच्या करणीचं फळ नाही असं मी म्हणत नाही. पण मेव्हण्याने पहिली चिमूट तेराव्या वर्षी घेतली, रात्रपाळीत डोळा लागू नये म्हणून, आणि ती त्याला कारखान्यातल्या वडीलधाऱ्यानेच दिली. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. पुडी कुठे मिळते ते आमच्या चौकातलं शेंबडं पोरही सांगेल. हे क्रियमाण, म्हणजे या जन्मीचं कर्म, कुणाचं धरायचं? चरक वाचला तर पहिलं नाव मेव्हण्याचं येत नाही.

मोजणीची बाजू घेतो म्हणून तिचं सगळंच गोड मानत नाही. जुन्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीचा मोठा अभ्यास झाला. तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ बायका, गावांचे ५२ गट, चार भाग. एका भागात एचपीव्ही विषाणूची चाचणी, दुसऱ्यात पेशींची, तिसऱ्यात व्हिनेगर लावून नुसत्या डोळ्यांनी बघणं. चौथ्या भागात तपासणी नाही. गावात एरवी जी सोय असते तीच. निकाल २००९ मध्ये छापून आला. एचपीव्ही चाचणीच्या भागात ३४,१२६ बायकांपैकी ३४ या कॅन्सरने गेल्या. चौथ्या भागात ३१,४८८ पैकी ६४.

हे दोन आकडे मी पुष्कळ वेळा शेजारी-शेजारी ठेवून पाहिले आहेत. एकदाच केलेली चाचणी जीव वाचवते हे जगाला पटलं ते या चौसष्ट जणींमुळे. कॅन्सर तपासणीने पकडता येतो हे परदेशात आधीच माहीत होतं, मग त्यांना तसंच का ठेवलं, असा आक्षेप इथेही घेतला गेला आणि अमेरिकेतही. करणाऱ्यांचं उत्तर होतं, त्या जिल्ह्यात बाकी कुणालाच तपासणी मिळत नव्हती. आम्ही कुणाचं काही काढून घेतलं नाही. उत्तर खोटं नाही. पण 'काही काढून घेतलं नाही' हा धर्माचा फार खालचा उंबरठा आहे. गावात काही मिळत नाही म्हणून गाव तुलनेला सोयीचं ठरतं, आणि ते काही न मिळणं हाच तर चरकाने सांगितलेला राज्यकर्त्यांचा अधर्म. माझं मत असं, की तुलनेशिवाय कळलं नसतं हे मान्य केलं तरी त्या चौसष्ट जणींचं देणं उभं राहतं, आणि ते शास्त्रज्ञांपेक्षा सरकारकडे जास्त येणं आहे. त्यानंतर मराठवाड्यातल्या प्रत्येक बाईची एकदा तरी चाचणी व्हायला हवी होती. झाली का, हे वाचकाने आपल्या आईला, मावशीला विचारावं.

आणि उल्हासनगर? २०११ च्या जनगणनेत पाच लाख सहा हजार माणसं. निर्वासितांच्या बरॅकींवर मजले चढवत वाढलेलं गाव. मुंबईच्या रजिस्ट्रीची हद्द बृहन्मुंबईपुरती. आमची माणसं लोकल धरून परळच्या टाटा मेमोरियलला जातात, तिथे त्यांची फाईल होते, पण मुंबईच्या दरात ती धरायची नसतात, कारण तो दर मुंबईच्या रहिवाशांचा. म्हणून तर फॉर्मवर विचारतात, पत्ता काय, तिथे किती वर्षं राहता. मेव्हण्याने चुलत्याचा घाटकोपरचा पत्ता दिला. मुंबईचा म्हटलं की काम लवकर होतं असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. मी शेजारी उभा राहून म्हटलं, दाजी, कॅम्प दोन सांगा. ते म्हणाले, राहू दे, तू गप. अशा वेळी आजारी माणसाशी कोण भांडतं? त्यांचा अंश घाटकोपरला गेला, छेदात मात्र ते उल्हासनगरचेच राहिले. अशी किती माणसं आमच्या गावातून गहाळ झाली असतील तेच माहीत नसताना आमच्या हवेचा, वालधुनी नदीच्या पाण्याचा आणि पुड्यांचा जाब कसा विचारणार?

एक प्रश्न यात सुटत नाही हे खरं. आमचे शेठ चालिहा या सिंधी व्रताचे चाळीस दिवस कडक पाळतात आणि बाकीचं वर्ष तंबाखूचं पान खातात. पंचाहत्तरी उलटली, तोंड ठणठणीत. मेव्हणा अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गेला. तोच का, हे कुठलंही रजिस्टर सांगत नाही. ते फक्त लाखात किती एवढं सांगतं. शेठना विचारलं तर म्हणतात, "लिखा हुआ है, भाऊ." मी वाद घालत नाही. लिहिलेलं होतं म्हणणारा कुणाला दोषी धरत नाही, हात जोडतो आणि गप्प बसतो. तिथपर्यंत माझी हरकत नाही. तू केलं असशील, हे दुसऱ्याच्या उशाशी बसून म्हणायचा अधिकार मात्र कुणालाच नाही. प्रारब्ध मानायचंच असेल तर प्रत्येकाने स्वतःपुरतं मानावं.

घरात कुणाला हा आजार झाला तर एवढं करा. फॉर्मवर जिथे राहता तोच पत्ता सांगा, कितीही वाटलं तरी नातेवाइकाचा देऊ नका. तंबाखू किती वर्षं, दिवसाला किती, हे लाजून कमी करू नका. आणि वर्षा-दोन वर्षांनी इस्पितळातून फोन येतो, पेशंट कसा आहे म्हणून. माणूस गेलेला असला की घरचे तो फोन रागाने कापतात. कापू नका. तारीख सांगा.