समुद्राची एकादशी

आपल्या शास्त्रकारांनीं अराजकाला एक नांव दिलें आहे, मात्स्यन्याय. मोठा मासा लहान माशाला गिळतो आणि त्याला जाब विचारणारा कोणी नसतो, ती ही स्थिति. कौटिल्य सांगतो कीं मात्स्यन्यायानें गांजलेल्या प्रजेनें वैवस्वत मनूला राजा केलें आणि धान्याचा सहावा व विक्रीच्या मालाचा दहावा भाग त्याला देऊं केला. म्हणजे राज्य जन्माला आलें तें कशासाठीं? बलवंताला आवर घालण्यासाठीं. आज जगांत युद्धें चाललीं आहेत, व्यापार मुक्त असावा असा घोष चालला आहे, आणि पाणी, तेल, मासळी यांची वांटणी न्यायानें व्हावी असेंहि सगळे म्हणतात. मग सज्जनहो, हा आवर कोणीं कोणाला घालावयाचा?

हा प्रश्न आम्हांला पोथींत सुचला नाहीं. मुंबईच्या उपनगरांत खारदांडा म्हणून जुना कोळीवाडा आहे. तेथें कीर्तन आटोपल्यावर एका वृद्ध नाखव्यानें आम्हांस गांठलें. आमच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस मासेमारी बंद असते, कारण पावसाळा हा पुष्कळ माशांच्या विणीचा काळ. कायदा नव्हता तेव्हांहि कोळी नारळी पौर्णिमेला समुद्र पुजूनच होड्या लोटीत. नाखवा म्हणाला, "म्हाराज, आम्ही बंदी पाळायची, लहान मासा सोडायचा, आणि दुसऱ्यानं रात्री दिवे लावून समुद्र झाडून न्यायचा. हा कुठला धर्म?"

बाजाराची बाजू घेणारा म्हणेल, ज्याच्यापाशीं भांडवल आहे त्यानें मोठी बोट घ्यावी, माल पुष्कळ आणावा, लोकांना स्वस्त मिळेल. दिसायला गोष्ट सरळ. बाजार वाईट आहे असें आमचें म्हणणें नाहीं. नाखवीण टोपली घेऊन बसते तोहि बाजारच. पण बाजाराचा तराजू तोलतो काय? जाळ्यांत आलेला मासा. जो विणीसाठीं समुद्रांत राहूं दिला त्याला गिऱ्हाईक नाहीं, म्हणून त्याला भाव नाहीं. एकानें सोडलेला मासा दुसरा नेतो, आणि सोडणारा वेडा ठरतो. जेथें संयम करणारा मूर्ख ठरतो तो बाजार मुक्त म्हणावा कीं मात्स्यन्याय?

कोणी म्हणेल, महाराज, हें शांततेच्या काळीं ठीक. लढाईंत असला विचार कोण करतो? त्याला आम्ही रामचंद्रपंत अमात्यांचें आज्ञापत्र दाखवूं. हे कांहीं घरीं बसून उपदेश करणारे नव्हत. राजाराममहाराज जिंजीस असतां औरंगजेबाशीं झुंजणारा महाराष्ट्राचा कारभार ज्यांनीं उचलला, ते हे अमात्य. आरमार हें राज्याचें स्वतंत्र अंग असें ते सांगतात. आरमाराला लांकूड हवें. तें सरकारी रानांतून घ्यावें, न पुरे तर विकत आणावें. पण रयतेच्या आंब्याफणसाला हात लावूं नये, कारण हीं झाडें वर्षां दोन वर्षांनीं होत नाहींत, लोकांनीं तीं लेकरांसारखीं वाढविलेलीं असतात. फारच जीर्ण झाड असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन न्यावें, जबरदस्ती नको. युद्धाची गरज मोठी खरी, पण ती रयतेच्या झाडाहून मोठी मानलेली नाहीं!

त्याच आज्ञापत्रांत टोपीकर व्यापाऱ्यांविषयीं सावधगिरी आहे, कारण त्यांच्या तराजूमागें तोफ असे. १६०९ सालीं ग्रोशियस नांवाच्या डच पंडितानें समुद्र सर्वांना मुक्त आहे असा ग्रंथ लिहिला. पुढें बाराच वर्षांनीं, १६२१ सालीं, डच कंपनीनें जायफळाचा मक्ता आपल्याच हातीं राहावा म्हणून बांदा बेटें जिंकलीं आणि तेथील बहुतेक रहिवासी मारले किंवा देशोधडीला लावले. समुद्र मुक्त, जायफळ मात्र आमचें! 'मुक्त' हा शब्द ऐकला कीं बोलणाऱ्याच्या हातांत काय आहे तें आधीं पाहावें.

आतां नाखव्याच्या प्रश्नाकडे येऊं. एकादशी ज्याची त्याची असते. शेजारी जेवला म्हणून आपला उपास मोडत नाहीं. समुद्राची एकादशी मात्र अशी नाहीं. ती एकट्यानें पाळली तर तिचें फळ न पाळणारा खातो, आणि पाळणाऱ्याच्या वांट्याला नुसती उपासमार येते. म्हणून वैयक्तिक संयमाला दंडनीतीची जोड हवी. दंड अति कठोर झाला तर प्रजा त्रासते, मऊ झाला तर कोणी जुमानीत नाहीं, योग्य दंडालाच मान मिळतो, असें कौटिल्यच सांगतो. केंद्र सरकारनें २०१७ सालीं एल.ई.डी. दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली. महाराष्ट्रानें २०२१ सालीं कायदा सुधारून दंड वाढविले. कागद चांगला आहे. तो मोठ्या बोटीपर्यंत पोहोंचतो कीं लहान होडीपाशींच थांबतो, येथें त्याची परीक्षा.

जगाचें तेंच. १९८२ च्या सागरी कायद्याच्या करारानें किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या संपत्तीवर त्या त्या देशाचा हक्क मानला. जागतिक व्यापार संघटनेनें २०२२ सालीं जिनिव्हाला मासेमारीच्या सरकारी मदतीविषयीं करार केला, तो सप्टेंबर २०२५ पासून अमलांत आला. बेकायदा मासेमारीला मदत बंद, हें त्यांत ठरलें. पण सरकारी पैशानें पोसलेल्या अवाढव्य ताफ्यांना किती आवर घालावा, हा प्रश्न राहून गेला. भारताचें म्हणणें असें कीं दूरच्या समुद्रांत जाणाऱ्या देशांनीं आधीं ही मदत २५ वर्षें थांबवावी, आणि गरीब देशांना सवड मिळावी. आम्हांला हें न्यायाचें वाटतें. ज्यानें पुष्कळ नेलें त्यानें आधीं थांबावें. नाहीं तर समान नियम हाच अन्याय होतो.

तर नाखव्यानें बंदी पाळावीच, आणि जो पाळत नाहीं त्याच्याविरुद्ध बोलावेंहि. दोन्ही धर्मच. गप्प बसून सोसणें याला संयम म्हणत नाहींत. माळकऱ्यानेंहि असें म्हणूं नये कीं आम्ही मासे खात नाहीं, आमचा काय संबंध? विहिरीचें पाणी, डोंगरावरचें रान, गांवचें गायरान हाहि समुद्रच आहे. तेथें आपण कोणता मासा आहों, लहान कीं मोठा, एवढें ज्यानें त्यानें आपल्याशींच पाहावें.