‘फुरसं’ म्हणायला तोंड उघडलं नाही तुझं?

मोबाईल खाली ठेव आणि इकडे बघ. तुझे अण्णा रुग्णालयातून घरी आलेत, हिंडूफिरू लागलेत, म्हणून आज बोलतोय.

त्या रात्री साडेनऊला तुझा फोन. “सर, जरा प्रॉब्लेम झालाय, लवकर या.” काय झालं विचारलं, तर “अण्णांना बरं वाटत नाही.” मला वाटलं, पित्त उसळलं असेल. विजेरी शोधली, चपला घातल्या, चालत आलो. बघतो तर अण्णांचा घोटा टम्म सुजलेला आणि तेच सांगताहेत, बागेत जांभ्याच्या गडग्याशी फुरसं चावलं म्हणून. अरे, ‘फुरसं चावलं’! दोन शब्द. ते फोनवर बोलला असतास तर मी जागेवरूनच १०८ला कळवलं असतं, ग्रामीण रुग्णालयात लस आहे का ते विचारलं असतं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं, चौघांच्या विषावर आपल्याकडे एकच लस चालते, पण ती वेळेत मिळावी लागते. वीस मिनिटं फुकट गेली, आणि ती तू घालवलीस. घाबरला होतास, कबूल. पण ‘प्रॉब्लेम’ म्हणून तू सुटलास आणि मी अंधारात चाचपडत राहिलो.

तुझ्या आजोबांच्या वेळी तार करायची तर शब्दागणिक पैसे पडत. खिडकीशी उभं राहून माणसं एकेक शब्द खोडायची. कोण आजारी, कधी निघायचं, एवढंच उरायचं. २०१३च्या जुलैत तार बंद झाली. आता बोलायला पैसे पडत नाहीत, तर तुम्ही पोरं कामाचा शब्द सोडून बाकी सगळं बोलता.

आंब्याच्या धंद्यातही तुझी तीच खोड. काय लिहिलंयस जाहिरातीत? ‘उत्तम दर्जाची ताजी फळे, वाजवी दर, तत्पर सेवा.’ यात आंबा कुठाय? देवगड कुठाय? ही ओळ चिकूवाल्याला चालेल, द्राक्षवाल्यालाही चालेल. डोंबिवलीच्या माझ्या बहिणीने परवा मोबाईलवर शोधताना काय टाकलं ठाऊक आहे? ‘देवगड हापूस पेटी आढीतला’. तिला चार दुकानं दिसली, तुझं नाही. अण्णांनी वर्षभर राखलेली कलमं, पहाटे उठून उतरवलेला माल, गवताच्या आढीत उलटापालटा करून पिकवलेला. आणि तो शोधणाऱ्या बाईला सापडत नाही, कारण तुला चार साधे शब्द लिहवले नाहीत.

वर मला सांगतोस, “कीवर्ड टाकलेत सर, पैसे देऊन करून घेतलंय.” बघितले तुझे कीवर्ड. तुझ्या वेबसाइटच्या कोडमध्ये केसर, पायरी, तोतापुरी, रत्नागिरी हापूस यांची रांग. पायरीचं एक तरी झाड आहे का तुझ्याकडे? अशी कोडमध्ये दडवलेली कीवर्डची यादी आपण क्रम लावताना धरत नाही, असं गूगलने २००९ सालीच सांगितलंय. पण धरत असतं तरी मी तुला हेच बोललो असतो. पायरी शोधणाऱ्या माणसाला तू फसवायला बघितलंस. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर या पाच जिल्ह्यांच्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते कशासाठी? बाहेरचा कुठलाही आंबा हापूस म्हणून गळ्यात मारतात म्हणून. बाजारात हे चाललं की तू तावातावाने बोलतोस, आणि आपल्या पानावर तेच करतोस! लाज वाटली पाहिजे.

वही काढ. गिऱ्हाईक फोनवर काय विचारतं, ते आठव. “देवगडचाच ना?” “कार्बाइड लावलेला नाही ना?” “पेटीत किती डझन?” “साका निघाला तर बदलून द्याल का?” हे शब्द रोज तुझ्या कानावर पडतात, फुकट. त्यातला जो तुझ्या मालाला खरा लागू पडतो, तो लिही; पडत नसेल तर लिहू नकोस. कोणी हापूस म्हणून शोधतं, कोणी अल्फान्सो म्हणून. त्याच पोर्तुगीज नावाचं आपण हापूस केलं, तेव्हा दोन्ही लिही.

झालं की पहिली ओळ अण्णांना वाचून दाखव. त्यांनी “कसला आंबा? कुठला?” असं विचारलं, तर खोड आणि परत लिही. मी इथंच बसलोय.