तो मीच!

या देशात नवीन आलेला माणूस ऑफिसात जरा रुळला, की एक ना एक दिवस चहाच्या वेळी त्याला कोणीतरी विचारतंच, ‘तुझा डॉक्टर कोण?’ इथे जीपीचं नाव सांगायचं नसतं. (जीपीची अपॉइंटमेंट हा वेगळ्या लेखाचा, किंबहुना वेगळ्या विशेषांकाचा विषय आहे.) प्रश्न असतो बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ या मालिकेबद्दल, आणि त्याच्या उत्तरावरून तुमचं वय, स्वभाव आणि तुम्ही लहानपणी शनिवारी संध्याकाळी कुठे होतात, हे सगळं ओळखलं जातं. आपण त्या काळात दूरदर्शनसमोर होतो, त्यामुळे आपली पंचाईत होते.

मंडळी, ज्यांची मुलं इथेच वाढली त्यांना ही मालिका सांगायला नको. पण हा अंक भारतातून आलेले आई-बाबाही वाचतात, म्हणून थोडक्यात सांगतो. डॉक्टर हा परग्रहावरचा एक भटक्या. निळ्या रंगाच्या, जुन्या पोलिसी टेलिफोनच्या खोक्यात बसून तो काळातून आणि अवकाशातून हिंडतो. खोकं बाहेरून एवढंसं, आतून प्रचंड! (गिरगावातली दहा बाय दहाची खोली आणि त्यात गणपतीला जेवणारे वीस पाहुणे ज्यांनी पाहिलेत, त्यांना यात फारसं नवल वाटणार नाही.) आणि हा डॉक्टर मरायला टेकला की मरत नाही. त्याचं शरीर पालटतं. नवा चेहरा, नवं वय, नवा स्वभाव. माणूस मात्र तोच, असं मालिका म्हणते.

आता ही कल्पना काही कुणा तत्त्वज्ञाने बसून काढलेली नाही. ती अडचणीतून निघाली. मालिका २३ नोव्हेंबर १९६३ ला सुरू झाली. पहिल्या कथेचं दिग्दर्शन वारिस हुसेन यांचं होतं, जन्म लखनौचा. डॉक्टर झाले होते विल्यम हार्टनेल, पांढऱ्या केसांचे, तिरसट, पण आतून मायाळू आजोबा. तीन वर्षांत त्यांना रक्तवाहिन्यांच्या आजाराने गाठलं आणि संवाद आठवेनासे झाले. मालिका तर जोरात चाललेली. करायचं काय? ऑक्टोबर १९६६ च्या एका भागाच्या शेवटी हार्टनेल जमिनीवर कोसळतात, चेहरा उजळतो, आणि त्या जागी पॅट्रिक ट्राउटन दिसतात. पुढे बीबीसीने टेपा पुन्हा वापरण्यासाठी असंख्य जुने भाग पुसून टाकले. हा क्षण वाचला तो मुलांच्या दुसऱ्या एका कार्यक्रमात त्याचा तुकडा वापरला होता म्हणून.

एकच भूमिका अनेक नटांनी करणं आपल्याला नवं नाही. ‘नटसम्राट’मधले अप्पासाहेब बेलवलकर डॉ. लागूंचे मोठे की दत्ता भटांचे, यावर आमच्या घरी जेवणं थंड झालेली आहेत. पण तिथे प्रत्येक प्रयोगात अप्पासाहेब नव्याने जन्मतात, आधीच्या नटाची त्यांना खबरही नसते. जेम्स बाँडचंही तेच. नट बदलतो आणि सगळे काही झालंच नाही असं वागतात. डॉक्टरचा बदल मात्र गोष्टीच्या आत होतो. त्याला आठवतं, की कालपर्यंत आपला चेहरा वेगळा होता.

मग सुरू होते तुलना. जॉन पर्टवी मखमली कोटातले, पिवळी जुनी मोटार दामटणारे. टॉम बेकर १९७४ ते १९८१, लांबलचक मफलर आणि विस्फारलेले डोळे, पन्नाशी-साठी ओलांडलेल्या कोणत्याही इंग्रज सहकाऱ्याचा ‘खरा’ डॉक्टर तोच. पीटर डेव्हिसन क्रिकेटच्या पोशाखात, कोटाला सेलरीची काडी लावलेले. २००५ मध्ये मालिका नव्याने सुरू झाली तेव्हा क्रिस्तोफर एकलस्टन, चामड्याचं जाकीट आणि आत दाबलेलं दुःख. मी एम.एस्सी. संपवून मिल्टन कीन्सच्या राउंडअबाउटांवर नुकताच रस्ते चुकायला शिकलो होतो, म्हणून तो माझा पहिला. मग डेव्हिड टेनंट, मॅट स्मिथ, पीटर कपाल्डी, पहिली स्त्री डॉक्टर जोडी व्हिटेकर, रवांडात जन्मलेला शुटी गाट्वा. घरात मतदान घेतलं तर बायको टेनंट म्हणते, मुलगी व्हिटेकर, आणि मी ट्राउटन म्हणतो तेव्हा दोघी एकमेकींकडे बघतात.

पण मी माझं मत बदलणार नाही. ट्राउटनच्या आधी कोणी बदललंच नव्हतं. त्यांनी हार्टनेलची नक्कल केली असती तर प्रेक्षकांनी दोन आठवडे सहन करून टीव्ही बंद केला असता. त्यांनी उलट केलं. ढगळ कपडे, हातात बासरीसारखा रेकॉर्डर, विदूषकी चेहरा. त्या पहिल्या कथेत जुने दोन सोबती त्याच्याकडे संशयाने बघत असतात. बेन म्हणतो हा तोतया आहे, पॉली म्हणते हा तोच आहे. आणि ट्राउटन स्वतः काही धड पुरावा देत नाहीत! जुन्या डॉक्टरबद्दल बोलताना ‘तो’ म्हणतात, ‘मी’ म्हणत नाहीत. शेवटी वागण्यावरूनच ठरतं. दुबळ्याच्या बाजूने उभा राहिला, पळून गेला नाही, म्हणजे हा डॉक्टरच.

इथे खरा प्रश्न सुरू होतो. चेहरा तोच नाही, स्वभाव तोच नाही, वय, आवाज, आता तर लिंगही तेच नाही. मग ‘तोच’ म्हणजे काय उरलं?

आपल्या गावातलंच उदाहरण घ्या. मिल्टन कीन्सच्या काँक्रीटच्या गाई जगप्रसिद्ध आहेत. लिझ ले या शिल्पकर्तीने १९७८ मध्ये केलेल्या तीन गाई, तीन वासरं. मूळ गाई आता संग्रहालयात आहेत आणि बँक्रॉफ्टच्या कुरणात उभ्या आहेत त्या प्रतिकृती. पाहुण्यांना आपण कुरणातल्याच दाखवतो आणि ‘याच त्या’ म्हणतो. खोटं बोलतो का? कुणाला काही फरक पडत नाही. गाईंनी कुणाला काही वचन दिलेलं नाही, कुणाचे पैसे बुडवलेले नाहीत.

माणसाचं तसं नसतं, आणि हे मराठी माणसाला अत्र्यांनी शिकवलेलं आहे. ‘तो मी नव्हेच’, १९६२. प्रभाकर पणशीकर, फिरता रंगमंच, आणि निपाणीचा तंबाखूवाला लखोबा लोखंडे. डॉक्टरच्या बरोब्बर उलटा प्रकार! तिथे एक माणूस आणि अनेक नट, इथे एकच नट आणि दिवाकर दातार, कॅप्टन परांजपे, राधेश्याम महाराज अशी सोंगं. साक्षीदार येतात, बायका रडून सांगतात की हाच तो, आणि लखोबा शांतपणे म्हणतो की तो मी नव्हेच. चेहरा सारखा असूनही कोर्टात सिद्ध काय करायचं असतं? ज्याने ते केलं तो हाच, एवढंच. लखोबाला सगळं लख्ख आठवत असतं. त्याला फक्त ते स्वतःच्या नावावर घ्यायचं नसतं. आपण हसतो त्याच्या हुशारीला, आणि घरी जाताना अंगावर काटा येतो तो या नाकारण्याने.

डॉक्टरचाही असा एक लखोबा-क्षण आहे. २०१३ साली पन्नास वर्षं झाली तेव्हा कळलं, की मोजलेल्या डॉक्टरांमध्ये एक न मोजलेला आहे. जॉन हर्टने केलेला. महायुद्ध थांबवायला त्याने स्वतःचाच ग्रह, मुलाबाळांसकट, नष्ट केला असं सगळे समजत असतात. ‘डॉक्टर’ हे नाव म्हणजे त्याने स्वतःला घातलेली शपथ. ती मोडली म्हणून त्याने स्वतःच ते नाव टाकलं, आणि पुढच्यांनी त्याला मोजलं नाही. म्हणजे चारशे वर्षं ते सगळे एका सुरात ‘तो मी नव्हेच’ म्हणत होते! त्या भागात टेनंट आणि स्मिथ काळातून मागे येतात. हर्ट ते भयंकर बटण दाबायला एकटा उभा आहे. ते त्याला अडवत नाहीत, त्याच्या हातावर हात ठेवतात. तू एकटा नाहीस, हे आम्हीही करतोय. आणि तेव्हाच, जबाबदारी तिघांची झाल्यावर, त्यांना दुसरा मार्ग सुचतो. मालिकेच्या सगळ्या इतिहासात मला याहून मोठा प्रसंग ठाऊक नाही. आधी ‘तो मीच’ म्हणावं लागलं, सुटका नंतर.

आपल्याकडे हा युक्तिवाद दोन हजार वर्षांपूर्वी होऊन गेला आहे. ‘मिलिंदप्रश्न’ या पाली ग्रंथात ग्रीक राजा मिलिंद आणि भिक्खू नागसेन यांचा संवाद आहे. रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच का? तीही नाही आणि वेगळीही नाही. राजा वकिली बुद्धीचा. असं असेल तर कालच्या कर्माचं फळ आजच्याने का भोगावं? नागसेन विचारतो, एकाने दुसऱ्याच्या झाडाचे आंबे चोरले आणि म्हणाला, ‘याने लावली ती कोय वेगळी, मी नेले ते आंबे वेगळे’, तर सोडशील का? राजा म्हणतो, मुळीच नाही. हापूसची पेटी ऑर्डर करून वाट बघणाऱ्या कोणालाही हे पटेल.

आपल्यालाही हा खटला अधूनमधून भरावा लागतोच. पुण्याला गेलं की पहिल्या दहा मिनिटांत कोणीतरी म्हणतं, ‘तू फार बदललास रे.’ ब्रिटिश नागरिकत्वाची शपथ घेतली, भारतीय पासपोर्ट रद्दचा शिक्का बसून परत आला, त्यातल्या फोटोतला मिशीवाला मुलगा माझ्याकडे असा बघतो की मी त्याचा भाडेकरू आहे. टेनंटचा डॉक्टर जाताना म्हणतो की शरीर बदललं तरी ते मरणासारखंच वाटतं, कोणी दुसराच उठून चालू लागतो. कपाल्डीचा तर २०१७ मध्ये बदलायलाच नकार देतो. मला दोघांचं दुःख कळतं, पण त्यांची काळजी पटत नाही. मिशी गेली, बोलताना मध्येच ‘सॉरी’ येऊ लागलं, पोहे ऑलिव्ह ऑइलमध्ये होतात, हे सगळं गेलं तरी चालेल. मिशीवाल्याने कुणाला दिलेला शब्द, त्याच्यावरचं कुणाचं ऋण, ते माझ्या खात्यावर आहे की नाही एवढंच विचारा.

इथपर्यंत सोपं होतं. अवघड आहे ते हार्टनेलचं. ज्याला आठवतच नाही, त्याने ‘तो मीच’ कसं म्हणायचं?

माझे बाबा सांगलीला दादाकडे असतात. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं. आता त्यांना पाढे येतात, माणसं येत नाहीत. त्यांचे एक सहकारी शिक्षक फार पूर्वी अकाली गेले, तेव्हा बाबांनी त्यांच्या पत्नीला शब्द दिला होता की दर दिवाळीला फराळ आणि एक पाकीट घरी येईल. तो त्यांनी तीसेक वर्षं पाळला. दोन वर्षांपूर्वी दादाने फोनवर विचारलं, आता काय करायचं? बाबांना आठवत नाही. काकूंची मुलगी बँकेत चांगल्या नोकरीला आहे, गरज उरलेली नाही. मी म्हटलं, चालू ठेवू. दादा म्हणाला, ‘ज्या बाबांनी शब्द दिला ते बाबा आता नाहीत. मी रोज बघतोय. त्यांचा शब्द त्यांच्याबरोबर गेला.’

हे निष्ठुरपणे बोललेलं नव्हतं. रात्री तीनला ‘तुम्ही कोण?’ हा प्रश्न ऐकणारा तो आहे, मी नाही. सात हजार किलोमीटरवरून पॉली होणं सोपं असतं, घरात राहणाऱ्याला बेन व्हावं लागतं. मी त्याला डॉक्टर हू वगैरे काही सांगितलं नाही, त्याने फोन ठेवला असता. एवढंच म्हटलं, की बाबांना आठवत नसेल, पण काकूंना आठवतं, आपल्याला आठवतं. शब्द दोघांमध्ये असतो, एकाच्या डोक्यात नसतो. दादा म्हणाला, ‘मग तो तुझा शब्द झाला, बाबांचा नाही. तसं स्पष्ट म्हण आणि तू पाठव.’ या मुद्द्याला माझ्याकडे आजही पुरेसं उत्तर नाही. पैसे मी पाठवतो, पण पाकिटावर नाव कुणाचं घालायचं यावर आमचं अर्धा तास झालं. शेवटी बाबांचं घातलं.

गेल्या दिवाळीला दादा बाबांनाच बरोबर घेऊन मिरजेला गेला. काकूंनी चहा केला, पाकीट देवापुढे ठेवलं आणि मोठ्याने म्हणाल्या, ‘सर, पोचलं हं.’

बाबांनी विचारलं, ‘काय?’

दादाने आपलं म्हणणं सोडलेलं नाही. यंदा चिवडा कुणी करायचा, तेवढं ठरलं आहे.