योनाचा चौथा अध्याय



निनवे हे शत्रूचे नगर. त्याचा नाश टळला म्हणून योना रुसून बसला. तेव्हा देवाने त्याला तेथील माणसांची संख्या सांगितली. अजाण जिवांची, गुराढोरांचीही आठवण करून दिली. आम्ही ज्याला केवळ शत्रूचे नगर म्हणतो, तेथील एकेक जीव देवाने मोजलेला असतो.

ऑगस्ट महिन्यात हा अध्याय आम्ही अवश्य वाचावा. ६ ऑगस्ट १९४५ रोजी अमेरिकेने हिरोशिमावर अणुबॉम्ब टाकला. विमान टिनियन बेटावरून निघण्यापूर्वी सैन्याच्या ख्रिस्ती पाळकाने प्रार्थना केली : जाणारे सुखरूप परत यावेत, युद्ध लवकर संपावे. यातील कोणती मागणी वाईट होती? परंतु ज्यांच्यावर बॉम्ब पडणार होता, त्यांची आठवण त्या प्रार्थनेत नव्हती. वर्षअखेरपर्यंत त्या शहरात सुमारे १,४०,००० माणसे मेली.

९ ऑगस्टला दुसरा बॉम्ब नागासाकीच्या उराकामी भागावर फुटला. पिढ्यान्‌पिढ्या छळ सोसून विश्वास राखलेल्या ख्रिस्ती लोकांची ती वस्ती. त्यांचे कॅथेड्रल कोसळले. सुमारे १२,००० जणांपैकी ८,५०० दगावले. ते ख्रिस्ती होते म्हणून आम्हांस अधिक हळहळ वाटते काय? तर मग आम्ही अजून योनाशेजारीच बसलो आहोत!

जे वाचले त्यांना जपानीत हिबाकुशा म्हणतात. किरणोत्सर्गामुळे कित्येकांना पुढे रक्ताचा कर्करोग झाला. लग्नाच्या व नोकरीच्या वेळी लोकांनी त्यांना दूर लोटले. तरी त्यांच्या ‘निहोन हिदानक्यो’ या १९५६ साली स्थापन झालेल्या संघटनेने सूड मागितला नाही. ही अस्त्रे जगातून नाहीशी व्हावीत, असे मागितले. २०२४ सालचे नोबेल शांतता पारितोषिक तिला मिळाले.

आज आमच्या देशाजवळ अण्वस्त्रे आहेत, शेजाऱ्याजवळही आहेत. आमच्या जवानांसाठी आम्ही प्रार्थना करतो, ती करावीच. पण सीमेपलीकडच्या लेकरांना त्या प्रार्थनेत जागा आहे काय?

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना आमची विनंती आहे. योनाची गोष्ट मोठ्या माशापाशी संपवू नका. चौथा अध्यायही मुलांना सांगा. तेथे देवाने योनाला प्रश्न विचारला आहे आणि पुस्तक तेथेच संपते. योनाचे उत्तर लिहिलेले नाही. ते आम्हांस द्यावयाचे आहे.