मोजलेली स्तुती

स्तुतीने मन फुलते आणि निंदेने पोळते, ही गोष्ट आजची नव्हे. गीतेच्या बाराव्या अध्यायात भक्ताची लक्षणे सांगताना निंदा व स्तुती सारखीच मानणाऱ्याचा मुद्दाम उल्लेख केला आहे. हे साधणे किती कठीण, ते यावरूनच ध्यानात यावे. परंतु पूर्वी स्तुती मोजली जात नसे. शेजारणीने लेकराचे कौतुक केले, की ते घटकाभर कानांत राहून विरून जाई. फेब्रुवारी २००९ मध्ये फेसबुकने ‘लाईक’ची खूण आणली आणि कौतुकाला आकडा चिकटला, तोही चारचौघांस दिसेल असा.

आकडा आला की तुलना आलीच. मैत्रिणीच्या छायाचित्रास दोनशे, आपल्यास चाळीस. चाळीस जणांनी दाद दिली हे मन विसरते. उणे पडलेले एकशे साठच त्यास सलतात. शिवाय हे फळ केव्हा पदरी पडेल याचा नेम नसल्याने हात पुनःपुन्हा फोनकडे जातो. जुगाऱ्याला फडावर खिळवून ठेवते ती हीच अनिश्चितता.

तथापि या माध्यमांनी प्रत्येकाचे मन बिघडतेच, असे म्हणणे न्याय्य होणार नाही. २०१८ साली अमेरिकेत काही अर्थशास्त्रज्ञांनी लोकांस मोबदला देऊन चार आठवडे फेसबुक बंद ठेवावयास लावले. त्यांचा दिवसाकाठी सुमारे एक तास मोकळा झाला, घरच्यांचा सहवास वाढला. समाधानही वाढले, पण थोडेच. कोवळ्या वयाची गोष्ट निराळी. आपल्या शरीराविषयी आधीच खंत बाळगणाऱ्या किशोरींपैकी ३२ टक्के मुलींनी इन्स्टाग्राममुळे ती खंत वाढते असे सांगितल्याची नोंद मालक कंपनीच्याच कागदपत्रांत होती. ती २०२१ मध्ये बाहेर आली. ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना अशी खाती ठेवू न देण्याचे बंधन कंपन्यांवर आले.

कायद्याचे काय व्हावयाचे ते होवो. गृहस्थाचे कर्तव्य त्यापूर्वीच सुरू होते. मुलीच्या हातचा फोन काढून घेणारे वडील तिच्याच वाढदिवसाचे छायाचित्र, तिला न विचारता, जगापुढे मांडतात आणि पानावर बसल्या बसल्या आकडा पाहतात. स्तुतीची ही भूक मुलीला मग बाहेरून लागली असे कसे म्हणावे? छायाचित्र कोणासाठी, हे त्यांनी स्वतःस विचारून पाहावे. दूरच्या मावशीने पाहावे एवढाच हेतू असेल, तर ते एकट्या मावशीला धाडता येते. तिचा उलट फोन येतो, आणि मुलगी तिच्याशी दहा मिनिटे बोलत बसते.